हाताला लागलेलं वजन

१२ मार्च

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद पाठवतोय, ठेवायचे की परत करायचे ते तू ठरव. दोन वर्षांत मामाने एक ओळ लिहिली नाही आणि आज अचानक पाकीट आलं, म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी काम असणार, असं तुला वाटेल. बरोबर आहे. काम आहे.

काल आपल्या फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसात भिंतीवर एक कागद लागला. लेखी परीक्षांचे गुण तीनच वर्षं धरतात. तुझ्या पाचही पेपरांची मुदत ३० मेला संपते. त्याच्या आत उड्डाणाची परीक्षा झाली नाही, तर सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून तू काही करणार नाहीस. एकदा मिटलेलं पुस्तक तू पुन्हा उघडत नाहीस, ही तुझी शाळेपासूनची खोड.

तेव्हा ये. दोनदा नापास झालेल्याला तिसऱ्यांदा बसू देत नाहीत, असं तू म्हणशील. त्यातून वाट निघते. कशी, ते मी बघतो. तुझ्या मामाने हँगरमध्ये एकतीस वर्षं नुसते नट आवळलेले नाहीत.

इकडचं सांगायचं तर आमच्या चीफ इंजिनिअर साहेबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून ते रोज हँगरला तीन फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीत नवी चूक काढतात. कॅप्टनबाईंना चष्मा लागला. नवीन पोरांना त्या अजूनही तेच सांगतात, नाक वर-खाली करायचा तो योक हातात धरायचा, त्याचा गळा नाही धरायचा. तीन नंबरच्या विमानाला नवा रंग दिलाय. तुझी मामी तुझ्या खोलीत शिवणयंत्र ठेवायचं म्हणते आणि ठेवत नाही.

त्या दिवशी हँगरच्या दारात मी जे बोललो, ते चारचौघांत बोलायला नको होतं. ते मनात ठेवू नकोस.

तुझा,
मामा

२६ मार्च

प्रिय भिंगरी,

पत्र पोचलं म्हणून तुझ्या आईकडून कळलं. ताई फोनवर म्हणाली, तिने वाचलं, घडी घातली आणि कामावर गेली. फाडलं नाही, एवढ्यावर मी आठवडाभर खूश आहे.

मामीला तुला लिहिलेलं वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, हे पत्र आहे की पाहुण्यांना दिलेलं आमंत्रण? 'चारचौघांत बोलायला नको होतं' म्हणजे काय, एकांतात बोललेलं चाललं असतं का? मी म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, मला कळत नाही असं तू म्हणालास की मला समजतं काहीतरी आहे. पंचवीस वर्षं एका बाईबरोबर राहिलं की असं होतं.

तर जरा मागून सांगतो. कंटाळा आला तर पान उलटू नकोस, वाच.

तुला पहिल्यांदा तीन नंबरमध्ये बसवलं, त्याच्या आदल्या दिवशी मी तुला शेपटीतलं झाकण उघडून आतली स्प्रिंग दाखवली होती. तू विचारलंस, ही उगाच नाक खाली ओढून काय करते, वैमानिकाला त्रास? मी म्हटलं, त्रास देण्यासाठीच बसवलीय. वेग कमी होत गेला की ती नाक खाली ओढायला लागते, आणि ते वर धरायला हाताला वजन घ्यावं लागतं. उतरताना डोळे समोर रनवेवर असतात, वेगाच्या काट्याकडे बघायला सवड नसते. तेव्हा हे वजन हाताला सांगतं, वेग चाललाय, सांभाळ. काटा डोळ्यांना सांगतो, स्प्रिंग हाताला सांगते, आणि दोघांचं म्हणणं जुळलं की माणूस निवांत. मोठ्या विमानांत तर हवेचा जोर हातापर्यंत पोचतच नाही, तिथे मुद्दाम यंत्र बसवून खोटं वजन देतात. पण ते खोटं वजन खरं बोलतं. कुठल्या वेगाला किती, हे ठरलेलं असतं आणि त्यात कुणाच्या मर्जीने फरक पडत नाही.

वेगाचा काटा दोन आकडे चुकला तरी मी तो काढून तपासायला पाठवायचो. चीफ म्हणायचे, दोनच तर आहेत. मी म्हणायचो, साहेब, आज दोन, उद्या वैमानिक काट्याकडे बघणंच सोडून देईल. असा मी मोठा हरिश्चंद्र.

तुझं डावं मनगट. लहानपणी सायकलवरून पडून मोडलेलं. डॉक्टरांनी पास केलं होतं, ताकद पुरेशी आहे म्हणून कागदावर लिहिलं होतं. पण त्या वर्षी पावसाळ्यानंतर रोजची उड्डाणं सुरू झाली, आणि एका दुपारी मी हँगरच्या मागच्या नळावर हात धुवायला आलो, तर तू नळाखाली मनगट धरून उभी होतीस. सुजलं होतं. तू मला बघितलं नाहीस. ओठ घट्ट मिटलेले होते, तुझ्या आईसारखे. मी तसाच मागे फिरलो.

आज इतकंच लिहितो. टपालाची पेटी उघडायची वेळ झाली.

मामा

९ एप्रिल

भिंगरी,

टपालाच्या पेटीची वेळ वगैरे काही झाली नव्हती. पेन खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आमच्यात एक रीत आहे. बाद झालेला भाग करवतीने कापायचा, दोन तुकडे करायचे, मगच भंगारात टाकायचा. म्हणजे चुकूनही कुणी तो पुन्हा बसवणार नाही. शिकाऊ माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. दोन नंबरमधून काढलेली एक सैल पडलेली स्प्रिंग माझ्या खणात पडून होती. लाल चिठ्ठी लावली होती, कापली नव्हती. आळस, दुसरं काही नाही.

तुला नळावर बघितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी तीन नंबरची चांगली स्प्रिंग काढली आणि ती सैल स्प्रिंग बसवली. वीस मिनिटांचं काम. लॉगबुकात लिहिलं, 'तपासले, ठीक', आणि खाली माझा शिक्का मारला.

मला वाटलं, पोरीला थोडे दिवस हलकं जाईल, मनगट सावरेल, मग हळूच परत बदलू. तू खाली उतरलीस ती हसत. म्हणालीस, मामा, आज हात दुखला नाही. मी त्या एका वाक्यावर सात आठवडे काढले. कॅप्टनबाई म्हणाल्या, तीन नंबर लोण्यासारखं चालतंय, काय केलंत? मी म्हटलं, ग्रीस बदललं. लाज म्हणून वाटली नाही. उलट छाती फुगली.

मग वार्षिक तपासणीला बाहेरचे लोक यायचे ठरले. ते स्प्रिंग मोजणार. तुझी परीक्षा त्याच आठवड्यात. परीक्षेच्या दोन दिवस आधी, तुझं तालमीचं शेवटचं उड्डाण झाल्यावर, मी चांगली स्प्रिंग परत बसवली. मनाशी म्हटलं, आता तिला येतंय, निभावून नेईल.

सात आठवडे मी तुझ्या हाताला एक भाषा शिकवली आणि परीक्षेला दुसरीच ठेवली. तू नेहमीइतकंच ओढलंस, नाक नेहमीइतकं वर आलं नाही, पुढचं चाक आधी टेकलं आणि विमान उडी मारून वर आलं. दोनदा. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मला एकट्याला माहीत होतं का ते.

तू उतरून सरळ माझ्याकडे आलीस. परीक्षक होते, चीफ होते, कॅप्टनबाई होत्या. तू म्हणालीस, "मामा, तीन नंबरला काहीतरी झालंय. जड लागतंय."

मी म्हटलं, "विमानाला काही झालेलं नाही. मी स्वतः तपासलंय. घाबरलं की जड लागतं."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं, म्हणून तर ते इतक्या सहज निघालं. त्या दिवशी विमान बरोबर होतं. तुझा हातही बरोबर होता. तुझ्या हाताने साडेतीन-चार किलोंचा फरक पकडला, ज्याला बाई सात आठवडे ग्रीस समजत होत्या, आणि मी चारचौघांत त्याला खोटं पाडलं. दहा दिवसांनी दुसऱ्या परीक्षेला तू हाताचं ऐकलंच नाहीस, नुसती काट्याकडे बघत राहिलीस आणि योक ओढायला उशीर केलास. तेही माझंच. बाईंनी शेरा लिहिला, 'हाताला अंदाज नाही.' तू बॅग भरलीस आणि मी तुला गाडीत बसवायला आलो. तुला आठवत असेल, मी म्हटलं होतं, सगळ्यांनाच जमतं असं नाही. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. बरं केलंस, नाहीतर मी तिथेच रडलो असतो.

तुला घाबरट म्हणालो ते तोंडातून निसटलं नव्हतं. स्वतःला वाचवायला म्हणालो.

ये. परीक्षा दे. तुझा हात बरोबर आहे.

मामा

१७ एप्रिल

मामा,

तीनदा वाचलं. पहिल्यांदा दुकानात, मग घरी येऊन दोनदा.

इथे मी चष्म्याच्या दुकानात असते, आईने सांगितलं असेलच. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलते आणि विचारते, आता बरं दिसतंय की मघाशी? ते जे सांगतात ते मी लिहून घेते. कुणाला म्हणत नाही की तुम्ही घाबरलात म्हणून अंधुक दिसतंय. डोळे त्यांचे असतात.

दोन वर्षं मी जिना उतरताना कठडा धरते. रस्ता ओलांडताना गाडी किती लांब आहे याचा अंदाज मी घेत नाही, शेजारचा माणूस पुढे निघाला की निघते. मला वाटायचं मी अशीच आहे.

तू मला सांगितलं असतंस की स्प्रिंग बदलली आहे, तर मी थोडं जास्त ओढलं असतं. इतकंच करायचं होतं.

मला दोन गोष्टी हव्यात. दोन्ही स्प्रिंगांचे नेमके आकडे. 'साडेतीन-चार किलो' असलं नको, मोजून. आणि हे चीफना लिहून दिलंस का? नसेल दिलं, तर मला लिहून काय उपयोग? मी काय माफ करून परीक्षा पास होणार आहे?

पत्रात खाली नाव लिहीत नाही. भिंगरी म्हणू नकोस सध्या.

२५ एप्रिल

तुला काय म्हणू ते कळेना, म्हणून वर काही लिहिलं नाही.

आकडे आधी. चांगली स्प्रिंग, खुणेपर्यंत ताणली की नऊ किलो शंभर ग्रॅम. सैल स्प्रिंग पाच किलो चारशे. काट्यावर तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा चीफ शेजारी उभे होते. मोजून झाल्यावर सैल स्प्रिंग त्यांनी माझ्या हातात दिली आणि करवत दिली. मी कापली.

तुझं पत्र आलं तोपर्यंत मी चीफना काही लिहून दिलं नव्हतं. खोटं सांगत नाही. पहिल्या पत्रात 'वाट निघते' लिहिलं तेव्हाही वाट एकच होती, मला माहीत होती. परीक्षेआधीची तालीम सदोष विमानावर झाली असं सिद्ध झालं, तर त्या दोन्ही परीक्षा धरत नाहीत. पण सिद्ध करायला माझ्या शिक्क्याखालचं खोटं बाहेर यायला हवं होतं. मला वाटत होतं, तुला आधी सांगावं, तू काय म्हणतेस बघावं. खरं तर तू म्हणशील, जाऊ दे मामा, झालं गेलं, याची वाट बघत होतो.

सोमवारी सकाळी दोन पानं लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली. वाचताना ते एकदाही वर बघेनात. मग त्यांनी विचारलं, "आत्ता का सांगतोयस?"

मी म्हटलं, तिची मुदत संपतेय.

"मुदत नसती तर?"

मी टेबलावरची पानं सरळ करू लागलो. त्यांनी ती उचलून घेतली आणि त्या सात आठवड्यांत तीन नंबरमधून आणखी कोण कोण उडालं त्याची यादी काढायला सांगितली. अकरा जण निघाले. त्यातला एक आता प्रवासी विमान चालवतो. प्रत्येकाला पत्र जाणार आहे. तुझ्या नादात मला हे अकरा जण कधी दिसलेच नव्हते, भाचीवर माया केली एवढंच मी धरून बसलो होतो. एखाद्याने दुसऱ्या विमानात बसून चूक केली असती तर काय झालं असतं, याचा विचार आता रोज येतो.

माझा शिक्का त्यांनी काढून घेतला. चौकशी होईल, परवाना बहुतेक जाईल. चीफ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मला एकतीस वर्षं 'अरे' म्हणत आले, त्या दिवशी जाताना 'अहो' म्हणाले.

कॅप्टनबाईंनी तुझ्या फायलीतला शेरा खोडून बाजूला सही केली. त्या म्हणाल्या, मीही त्या लोण्याला भुलले, माझंही चुकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण मी तिला विचारायला हवं होतं, आणि तुम्हाला माहीत होतं. यात फरक आहे. त्यांनी तुझी परीक्षा २१ मेला ठेवलीय. त्याआधी दहा दिवस रोज दोन तास त्या स्वतः तुझ्याबरोबर बसतील. राहायची सोय त्यांच्या घरी. तू आमच्याकडे राहणार नाहीस हे त्यांनी मला न विचारताच ओळखलं.

मामीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुला तिचा हात दुखलेला बघवला नाही, आणि तिचं तोंड उतरलेलं दोन वर्षं बघवलं. आणि उठून आत गेली.

मामा

२३ मे

भाचीबाई,

निकाल तुला माहीत आहे, मला परवा कळला, सगळ्यांच्या शेवटी. पास. मामी रडली. मी मोटारसायकल पुसत बसलो.

काल संध्याकाळी तू आलीस. मामीने फाटक उघडलं, तू आत आली नाहीस. आईने दिलेली पिशवी तिच्या हातात दिलीस. मी दारात आलो आणि म्हटलं, "काल फार सुरेख उडवलंस, अगदी नजर लागेल असं." तू माझ्याकडे बघितलंस. दोन वर्षांनी पहिल्यांदा सरळ.

"मामा, तू माझ्याशी गोड बोललास की मला आता भीती वाटते. वाटतं, कुठेतरी काहीतरी सैल करून ठेवलं असणार."

रागाने म्हणाली असतीस तर मी काहीतरी बोललो असतो. तू रागावलेली नव्हतीस. नुसतं जसं आहे तसं सांगितलंस आणि कॅप्टनबाईंच्या स्कूटरवर बसून गेलीस. मामी पिशवी घेऊन फाटकाशी उभी राहिली.  सकाळी चहा झाल्यावर हे लिहायला बसलो.

माझं बोलणं तुझ्या कामाचं राहिलेलं नाही, हे मला कळलं. तू चांगली आहेस म्हटलं की मला तुझी कीव आलीय असं तुला वाटणार, आणि यात तुझी काही चूक नाही. ज्या काट्याने एकदा फसवलं त्याच्याकडे कोण बघतं? माफी मागून ते दुरुस्त होत नाही, हे निदान माझ्या धंद्याने मला शिकवलंय. काटा दुरुस्त झाला की तो पुन्हा पुन्हा दुसऱ्या काट्याशी ताडून बघायचा असतो, किती दिवस ते बघणाऱ्याने ठरवायचं.

म्हणून एकदा ताडून बघ. परीक्षकांचा तपशीलवार कागद तुझ्याकडे आहे, मी तो पाहिलेला नाही आणि बाईंना काही विचारलेलं नाही. तू बाईंकरवी येऊ नकोस म्हणून कळवलं होतंस, तरी मी २१ तारखेला कुंपणाबाहेर रस्त्यावर उभा होतो, सकाळी साडेआठपासून. हे आधी कबूल करतो. तिन्ही लँडिंग बघितली. जे दिसलं ते लिहितो, कागदाशी जुळव. जुळलं नाही तर पुढचं पत्र उघडू नकोस.

तिसरं चांगलं होतं. वेग धरलेला होता, नाक वेळेवर उचललंस, मागची चाकं आधी टेकली आणि पुढचं सावकाश खाली आलं. पण रनवेच्या मधल्या रेषेपासून तू डावीकडे होतीस, चांगलं दीड हात.

दुसरं बरं. जरा उंचावरून सोडलंस. बसणाऱ्याला दणका जाणवला असेल.

पहिलं वाईट होतं. उशिरा ओढलंस, पुढचं चाक जवळजवळ आधी टेकत होतं, शेवटच्या क्षणी सावरलंस. घाबरली नव्हतीस, ते दिसत होतं. तुझ्या हाताला वजन कळलं होतं आणि तू त्याच्यावर विश्वास ठेवायला अर्धा सेकंद घेतलास. परीक्षकाच्या जागी मी असतो तर त्या एका लँडिंगवर मी तुला पास केलं नसतं.

मामा